केट बुशचा ‘बिफोर द डॉन’: प्रयोग डोळ्यांचा, हाती आला नुसता आवाज

डाउनलाइन_भुसावळ

पिंक फ्लॉइडच्या धाग्यावर हा विषय निघाला आणि मूळ चर्चा बाजूला पडली, म्हणून वेगळा धागा काढतोय. तिकडे अर्धवट राहिलेला वाद इथे पुरा करू.

ज्यांना केट बुश ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाई इंग्लंडची. १९७८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पहिलंच गाणं तिकडच्या यादीत पहिल्या नंबरवर. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन तिथवर पोचलेली ती पहिली गायिका. शाळेत असतानाच तिची गाणी पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या कानावर गेली होती आणि त्यानं पदरचे पैसे घालून तिचं रेकॉर्डिंग करून घेतलं होतं. फ्लॉइडच्या धाग्यावर तिचं नाव आलं ते यामुळेच. १९७९ च्या एप्रिल-मेमध्ये एक दौरा केला. त्यानंतर कुणाच्या कार्यक्रमात पाहुणी म्हणून गायली असेल तेवढंच, स्वतःचा पूर्ण कार्यक्रम थेट २०१४ मध्ये. मधली ३५ वर्षं अल्बम येत राहिले, पण स्टेज नाही.

२०१४ च्या मार्चमध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोत ‘बिफोर द डॉन’चे १५ प्रयोग जाहीर झाले, मागणी बघून २२ केले. तिकिटं पंधरा मिनिटांत साफ. २६ ऑगस्टला सुरू होऊन १ ऑक्टोबरला संपले. त्याचं रेकॉर्डिंग २५ नोव्हेंबर २०१६ ला निघालं: तीन सीडी किंवा चार एलपी, साधारण अडीच तास. आणि निघालं ते ‘द केटी फेलोशिप’ या नावानं, म्हणजे अख्ख्या चमूच्या नावावर.

पहिल्या भागात सुटी गाणी. दुसऱ्या भागात १९८५ च्या अल्बमची दुसरी बाजू सलग: जहाज बुडालेलं, एक बाई रात्री समुद्रात लाइफ जॅकेट घालून एकटी तरंगतेय, झोप लागली तर मेलीच. तिसऱ्या भागात २००५ च्या ‘एरियल’ची दुसरी तबकडी: दुपार, संध्याकाळ, रात्र आणि पुन्हा पहाट, सगळीकडे पक्षी.

आता वादाचा मुद्दा. प्रयोगाचं चित्रीकरण झालं होतं, पण ते आजवर बाहेर आलेलं नाही. आपल्याला मिळाला फक्त आवाज. माझं मत असं की तेच बरं झालं. पाण्यातल्या त्या बाईला अंधारात काय दिसत असणार? तिची सगळी गोष्ट कानातूनच चालते.

चाळीसगाव_एक्सप्रेस

बरं कसं झालं? पंगतीला बसवायचं आणि वास देऊन उठवायचं, यातला प्रकार आहे हा.

त्या प्रयोगात काय नव्हतं? प्रेक्षकांच्या डोक्यावरून दिवे फिरवत हेलिकॉप्टर जायचं. माशांच्या सांगाड्याचे वेष घातलेले नट होते. तोफेतून कागदाचे कपटे उडायचे आणि त्यांवर कवी टेनिसनच्या ओळी छापलेल्या असायच्या. तिसऱ्या भागात माणसाएवढी नसेल पण चांगली मोठी लाकडी बाहुली, चित्रकारांकडे असते तशी, स्टेजभर हिंडायची. शेवटी बाईला पंख. यातलं सीडीवर काय आलं? काही नाही. मध्येच लोक ओरडतात आणि आपण विचार करायचा की आता नक्की काय झालं असेल.

दुसरं, पहिल्या सीडीवरचं ‘नेव्हर बी माइन’ प्रेक्षकांसमोर गायलेलंच नाही. तालमीतलं आहे. गाणं कार्यक्रमातून वगळलं आणि अल्बममध्ये घातलं. मग ‘लाइव्ह’ कशाला म्हणायचं? उद्या आमच्या गावचा ऑर्केस्ट्रा घरात बसून रेकॉर्ड करेल आणि टाळ्या चिकटवेल.

नंदुरबारी

भो, माले ते इंग्रजी काही समजनं नही, पन दुसरा भागमा पानीना आवाज आयकीसन आंगवर काटा उना.

साउंडवाला_धुळे

एक्सप्रेसभाऊ, टाळ्या चिकटवलेल्या नाहीत हे आधी क्लिअर करू. उलट त्या तालमीतल्या गाण्याला टाळ्या नाहीत, म्हणूनच ते वेगळं ओळखू येतं. फसवायचं असतं तर दोन सेकंद टाळ्या लावणं हा पोराटोरांचा खेळ आहे. त्यांनी नाही लावल्या.

आता माझ्या धंद्यातलं थोडं बोलतो, कारण लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणजे काय यावर लोकांचा फार गोंधळ आहे.

आपल्याकडे लग्नात किंवा जत्रेत ऑर्केस्ट्रा असला की गायक कार्यक्रम झाल्यावर येतो आणि म्हणतो, भाऊ, मिक्सरवरून रेकॉर्डिंग दे ना. पेनड्राइव्हवर देतो मी. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन येतो, की आवाज माझाच माझा येतोय, ढोलकी कुठंय, ऑक्टोपॅड कुठंय? अरे बाबा, ढोलकी स्टेजवरच एवढी वाजते की मंडपात तिला माईकची गरज जेमतेम. मिक्सरवर तिचा फेडर खाली. आवाज लहान, म्हणून त्याचा फेडर वर. मंडपात बसलेल्याला दोन्ही बरोबर ऐकू येतं, पण मिक्सरमधून जे बाहेर पडतं ते मंडपात जे वाजलं ते नव्हे. त्यात लोकांचा आवाजही नसतो. गायक शेराला शेर मारतोय, समोर शिट्ट्या पडताहेत, आणि रेकॉर्डिंगमध्ये माणूस बंद खोलीत एकटा आरडाओरडा करतोय असं वाटतं.

म्हणून मोठ्या लोकांचं काम वेगळं. प्रत्येक माईक, प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर. शिवाय हॉलमध्ये नुसते प्रेक्षक धरायला वेगळे माईक. मग महिनोन्महिने बसून ते जुळवायचं. कार्यक्रम २०१४ चा आणि अल्बम २०१६ चा, ती दोन वर्षं काही रिकामी गेलेली नसणार. यातली चोरी कुठे होते? ओव्हरडबमध्ये. म्हणजे कार्यक्रमात सूर घसरला तो स्टुडिओत परत गाऊन वर चढवायचा. जगातले कितीतरी नावाजलेले ‘लाइव्ह’ अल्बम असे डागडुजी केलेले आहेत. हिनं ओव्हरडब केलेलं नाही, असं तिनं स्वतः सांगितलंय. आणि ऐकलं की पटतं. पहिल्या काही गाण्यांत आवाज जरा जड आहे, खालच्या पट्टीत सांभाळून चालतो. वय तेव्हा ५६. विशीतल्या त्या टोकदार आवाजाची वाट बघत बसाल तर तो येणार नाही. पण तो जड आवाज जेव्हा मोकळा सुटतो ना, ‘टॉप ऑफ द सिटी’मध्ये वर चढतो ती जागा ऐका. चांगल्या हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको.

ड्रमवर ओमर हकीम, तालवाद्यांवर मिनो सिनेलू. सिनेलू जाझवाल्या माइल्स डेव्हिसकडे वाजवलेला माणूस. इतके तगडे वादक आणि कुणीही गायिकेच्या अंगावर येत नाही. आमच्याकडच्या कीबोर्डवाल्यांना हे सक्तीनं ऐकवायला पाहिजे.

अमळनेर_मास्तर

साउंडवाले भाऊ, उत्तम लिहिलंत. धुळ्यात असं कान असलेलं कुणी आहे हे वाचून बरं वाटलं.

मी मूळचा शास्त्रीयवाला. रॉक मला मुलानं लावून दिलं, त्यातलं मला सगळं आवडत नाही, हे पण पूर्ण ऐकलं. मला नवल वाटलं ते श्रोत्यांचं. आपल्याकडे दाद गाण्याच्या आत येते. सम नेमकी पडली की ‘क्या बात है’, मग गवई हसतो, ती जागा पुन्हा वेगळ्या अंगानं घेतो. म्हणजे श्रोता गाण्यात हात घालतो. मैफिलीच्या जुन्या ध्वनिमुद्रणात ती दाद काढून टाकली तर निम्मा राग गेला. इथे लोक गाणं सुरू होताना गर्जना करतात, मग पूर्ण गप्प, आणि संपल्यावर पुन्हा गर्जना. दुसऱ्या भागात तर मधल्या मध्ये टाळीसुद्धा फारशी नाही. तीन-साडेतीन हजार माणसं बसलेली आहेत आणि त्यांचं अस्तित्व कळतं ते केवळ सभागृहाच्या गुंजण्यावरून. ‘अमंग एंजल्स’ तिनं एकटीनं पियानोवर गायलंय. त्यात त्या शांततेचं वजन ऐकू येतं.

फर्माईश हाही एक मुद्दा. ज्या गाण्यानं ती १९७८ मध्ये घराघरांत पोचली, ते गाणं या कार्यक्रमात नाही. पहिल्या चार अल्बमांतलं एकही नाही! आपण ज्या गावांत राहतो तिथे हे चाललं असतं का सांगा. बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूब खाँसाहेबांकडे शिकले, आजही त्यांच्या नावानं जळगावात दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. त्या परंपरेत वन्समोअर हा प्रेक्षकांचा हक्क. नाटक थांबलं तरी चालेल, पद पुन्हा झालं पाहिजे. नाटक पहाटेपर्यंत लांबायचं ते त्यामुळेच. केटबाईंनी नेमकं उलट केलं. नाटक थांबणार नाही, तुम्हाला हवं ते पद तर मिळणारच नाही. आणि लोकांनी ते ऐकून घेतलं.

पीजे_पाचोरा

मी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही सिरीज बघून ‘रनिंग अप दॅट हिल’पर्यंत आलेला प्राणी आहे, हसू नका. २०२२ मध्ये ते गाणं परत वर आलं तेव्हा पहिल्यांदा नाव ऐकलं. या अल्बममध्ये ते आहे का? आणि सुरुवात कुठून करू? अडीच तास एका दमात होणार नाहीत.

डाउनलाइन_भुसावळ

पीजे, हसतंय कोण. १९८५ चं गाणं ३७ वर्षांनी इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलं ते तुमच्यासारख्यांमुळेच. ते पहिल्या सीडीवर आहे, शेवटून दुसरं. पण त्यानंतरचं ‘किंग ऑफ द माउंटन’ सोडू नका, कारण तिथेच सुटी गाणी संपतात आणि वादळ उठतं. तिथून सरळ दुसऱ्या भागात. दुसरा भाग मात्र तोडून ऐकू नका, पाऊण तास काढा.

एक्सप्रेस, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर येतो. १९७९ च्या दौऱ्याचा व्हिडिओ निघालेला आहे, याच सभागृहातला. तेव्हा त्याचं नाव हॅमरस्मिथ ओडियन होतं. मूळ कार्यक्रम दोन तासांहून मोठा, व्हिडिओ तासाभराचाही नाही. कॅमेरा तिच्या तोंडावर जातो तेव्हा पाय काय करताहेत ते दिसत नाही, आणि नाच सगळा पायांत. लांबून घेतलं की अंधारात ठिपका. स्टेजवरचा प्रयोग कॅमेऱ्यात मावत नाही हो. आणि मावला नाही तरी लोक म्हणतात, आम्ही बघितला! आवाजाच्या बाबतीत तशी फसगत नाही. आपण बघितलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं.

चाळीसगाव_एक्सप्रेस

हा युक्तिवाद नाही, सांत्वन आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा आणि आताचा कॅमेरा एक कसा?

आणि मला एक सांगा, त्या दुसऱ्या भागातला बाप-लेकाचा संवाद तुम्ही खरंच दुसऱ्यांदा ऐकलाय का? सोफ्यावर बसून टीव्हीच्या रिमोटवरून भांडण, सॉसेज करपले म्हणून बोंब. समुद्रात बाई मरायला टेकलीय आणि इकडे ही पाचकळ नाटिका. स्टेजवर निदान घर तरंगताना दिसत असेल. सीडीवर ते आलं की मी पुढे ढकलतो. डेव्हिड मिचेलसारख्या कादंबरीकाराचा हात लागलेले संवाद आहेत म्हणे. त्यात त्याचं काय दिसलं?

केळीबागवाली

एक्सप्रेसदादा, तो संवाद पुढे ढकललात तर मग पुढचं गाणं तुम्हाला लागलंच नसणार.

आधी गोष्ट काय आहे बघा. बाई पाण्यात आहे, भ्रम व्हायला लागलेत, त्या भ्रमात ती घरी जाते. घरात नवरा आहे, मुलगा आहे. ती त्यांना बघते, त्यांना ती दिसत नाही. आता ते दोघं घरात काय बोलत असतील? ‘हाय, आमची आई कुठं गेली’ असं? त्यांना पत्ताच नाही! त्यांना वाटतंय, उशीर झालाय, येईल. म्हणून भांडण रिमोटवरून आणि बोंब करपलेल्या खाण्यावरून. ते दोघं जितके फालतू बोलतील तितकं ऐकणाऱ्याला जास्त लागतं. आणि मुलाचं काम तिच्या खऱ्या मुलानं केलंय, बर्टीनं, तेव्हा सोळा वर्षांचा. त्यानं आईला धीर दिला, म्हणून हे प्रयोग झाले असं ती सांगते. सख्खा मुलगा ‘आई कुठं राहिली’ म्हणतोय आणि आई दोन पावलांवर उभी आहे. अजून काय पाहिजे?

आमच्याकडे रावेर भागात थ्री फेजची लाइट आठवड्याच्या पाळीनं येते. रात्रीची पाळी असली की आमचे हे बारा-एकला मोटार चालू करायला मळ्यात जातात. घड कापणीवर आलेले असले की ड्रिपला खाडा करून चालत नाही. पावसाळ्यात वाट चिखलाची, विंचू-काटा, कधी बिबट्याची आवई. इकडे घरी मी आणि सासूबाई काय करतो? सकाळच्या भाकरीला पीठ आहे का ते बघतो. सासूबाई म्हणतात, दुधावर झाकण ठेवलं नाहीस. पोरगा गृहपाठाची वही सापडत नाही म्हणून कावतो. फोन एकदा वाजून बंद झाला, म्हणजे मोटार चालू झाली असा आमचा ठराव. नाही वाजला तरी पहिला अर्धा तास कुणी काही बोलत नाही, वहीच शोधतात. तो संवाद ऐकला तेव्हा मला त्यातलं एक वाक्य खोटं वाटलं नाही.

व्हिडिओचं म्हणाल तर एक आहे. लाइफ जॅकेटवर तांबडा दिवा लुकलुकतोय आणि ती पाण्यावर आडवी पडून गातेय, तो अल्बमच्या वेळीच बाहेर आला. पाण्याच्या टाकीत तासन्‌तास राहून ती खरोखर तिथेच गायली आणि गारठून आजारी पडली, एक दिवस विश्रांती घेऊन पुन्हा उतरली. स्टेजवर तोच पडद्यावर दाखवायचे. तेवढा बघा. बाकीच्याला मला चित्राची गरज वाटली नाही.

नंदुरबारी

ताई, एकदम बरोबर गोठ. हतनूर धरनना दरवाजा उघडतस तव्हय आमले बी पहिले घरनं आठवस.

साउंडवाला_धुळे

ताई, हे वाचून तो भाग परत लावला. तांत्रिक बाजूनं एक सांगतो, तुमच्या म्हणण्याला जोड म्हणून. तो संवाद कोरडा ठेवलाय. म्हणजे त्यावर घुमारा नाही, जवळच्या खोलीत बोलल्यासारखा. आणि लगेच पुढे तिचा आवाज येतो तो लांबून, ओला. ‘ती आहे पण नाही’ हे मिक्सिंगमध्ये दाखवलंय. चित्र असतं तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं का, शंका आहे. म्हणजे डाउनलाइनभाऊंचा मुद्दा मला निम्मा पटतो. निम्माच. कारण हेलिकॉप्टरचा आवाज दोन स्पीकरमध्ये इकडून तिकडे जातो, पण डोक्यावरून नाही जात. ते मात्र गेलं ते गेलं.

१९७९ चा विषय निघालाय तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट. नाचता नाचता गाता यावं म्हणून तिच्या साउंडवाल्यानं कपडे टांगायच्या तारेच्या हँगरला वाकवून डोक्याला बसणारा बिनतारी माईक केला होता. आज आपल्या तालुक्याच्या झुंबा क्लासवालीकडेही तसला माईक असतो. तेव्हा तो कुणाकडे नव्हता.

अमळनेर_मास्तर

त्याच दौऱ्यातली दुःखाची बाजूही नोंदवून ठेवतो. पूल या गावी सुरुवातीचा सराव-प्रयोग झाल्यावर प्रकाशयोजनेतला बिल डफील्ड हा तरुण पडून दगावला. १२ मे १९७९ ला याच हॅमरस्मिथला त्याच्या कुटुंबासाठी मदतीचा कार्यक्रम झाला, त्यात पीटर गॅब्रिएल आणि स्टीव्ह हार्ली तिच्याबरोबर गायले. २०१४ च्या चमूत गिटारवर डेव्हिड रोड्स आहेत, ते गॅब्रिएल यांचे कायमचे वादक. कीबोर्डवरचे केव्हिन मॅकलिया तर १९७९ च्या दौऱ्यातही होते. ३५ वर्षांनी त्याच सभागृहात तोच माणूस तिच्या मागे वाजवतोय. ‘फेलोशिप’ हे नाव मला त्यामुळे उगाच ठेवलेलं वाटत नाही.

व्यवस्थापक

सूचना: प्रेक्षकांनी लपून केलेल्या रेकॉर्डिंगच्या लिंका इथे टाकू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

चाळीसगाव_एक्सप्रेस

उडवलेल्यातला एक माझा होता. असो.

पण बघा, हेच तर म्हणतोय. तिनं प्रयोगाआधी लोकांना विनंती केली, मोबाइल-कॅमेरे काढू नका, मला तुमच्याकडे बघायचंय, पडद्यांकडे नाही. लोकांनी ऐकलं. चांगलंच झालं. पण मग ज्यांनी तिकीट काढलं ते सोडून उरलेल्या जगाची जबाबदारी तुमच्यावर येते की नाही? तुम्ही स्वतः चित्रीकरण करून घेतलंय, ते कपाटात ठेवलंय. आम्ही काय लंडनला जाणार होतो? इथून मुंबईला जायचं तर तिकीट वेटिंगवर.

केळीबागवाली ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. संवाद आता पुढे ढकलणार नाही, एवढं कबूल. ‘लाइव्ह’ शब्दावरचा माझा आक्षेप मात्र जागेवर आहे.

नंदुरबारी

आता जरा प्रमाण मराठीत लिहितो, मास्तर रागावतील.

तिसऱ्या भागाबद्दल कुणी बोलतच नाहीये. मला तोच सगळ्यात आवडला. त्यात ती पाखरांसारखं गाते, म्हणजे शब्द नाहीतच, कस्तुर पक्ष्याच्या आवाजावर आवाज. तिकडचा कस्तुर तोरणमाळला ऐकू येणाऱ्या कस्तुराचा भाऊबंदच. आमच्याकडे खाली पट्टीत पहाटे पहिला लागतो तो दयाळ. उन्हाळ्यात सगळं गाव गच्चीवर झोपतं. साडेचारच्या सुमाराला दयाळ विजेच्या तारेवर येऊन बसतो, तोंड वर, शेपटी ताठ, आणि एकच तान घेऊन तिला दर वेळी वेगळं वळण देतो. दहा मिनिटांत दुसऱ्या गल्लीतला त्याला उत्तर देतो. मी या बाईचा तिसरा भाग मे महिन्यात गच्चीवर ऐकला. अंगाखालची गादी रात्री दहालाही गरम होती. गाण्यात सूर्य मावळतो, मग रात्र होते, लोक समुद्रात उतरतात, मग उजाडतं आणि सगळे वेड्यासारखे हसतात-गातात. एक गोष्ट मात्र खटकली. मुलाला मध्ये एक गाणं दिलंय, चंद्रावरचं. पोरगं मन लावून गातं, पण आवाज कच्चा. आईनं लेकाचे लाड केलेत, दुसरं काय. आमच्याकडे बँडमालकाच्या पोराला असंच एक गाणं मिळतं.

साउंडवाला_धुळे

बँडमालकाच्या पोरावरून आठवलं. आमच्या खान्देशातल्या बँडच्या गाड्या बघितल्यात ना? गाडीवर सिस्टिम, वर गायक, पुढे वरात, अहिराणी गाणं आणि रस्त्यावर हजार माणसं नाचताहेत. हा पण लाइव्हच कार्यक्रम. रोज होतो, आणि धड रेकॉर्डिंग एकाचंही नाही. जे आहे ते मोबाइलवर घेतलेलं, आवाज फाटलेला, उभं चित्र. गाणी वेगळी स्टुडिओत करून टाकतात, त्यात तो रस्ता नसतो. वरात वळणावर थांबते, नवरदेवाचा मामा नोटा काढतो, गायक त्याचं नाव घेऊन ओळ फिरवतो आणि क्लॅरिनेटवाला ती ओळ उचलतो. हे सगळं जाग्यावर होतं आणि जाग्यावरच जातं. माझ्या मनात आहे की एका सीझनला एका बँडबरोबर आठ ट्रॅकचं यंत्र घेऊन हिंडायचं. दोन माईक फक्त गर्दीला. जनरेटरची घरघर येईल, ती येऊ द्यायची.

अमळनेर_मास्तर

करा. आणि बँडबरोबर आपल्या खान्देशच्या कानबाई देवीच्या रोटांच्या रात्रीची गाणी आणि वहीगायनही घ्या. आमच्या गल्लीत कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या सुनांना चाली येतात, पण सगळी कडवी येत नाहीत. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या जाण्यानंतर १९५२ साली छापून आली, कारण घरातल्यांनी ती उतरवून घेतली होती. शब्द राहिले, आवाज कुठे आहे? जात्यावर त्या कुठे श्वास घेत, कुठे थांबत, ते कुणाला माहीत? मला चित्र नको आहे. आवाज चालेल.

डाउनलाइन_भुसावळ

सर, माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

साउंडवालेभाऊ, बँडचं काम निघालं तर मी हेडफोन लावून केबल गुंडाळायला तयार आहे. सुट्ट्या शिल्लक आहेत.

तोवर एक करू. हा अल्बम सगळ्यांनी मिळून एकदा पूर्ण, धड सिस्टिमवर ऐकायचा का? जळगाव सगळ्यांना मध्ये पडतं. रविवार बघू.

केळीबागवाली

रविवारी दिवसाची लाइट असली तर येते. शनिवारी पाळीचं कळेल.

पीजे_पाचोरा

मी नक्की. दुसरा भाग सलग ऐकला, धन्यवाद. रात्री घरच्यांना विनाकारण फोन केला, त्यांनी विचारलं पैसे संपले का.

साउंडवाला_धुळे

तुळशीच्या लग्नानंतर मी कुणाला सापडणार नाही, सीझन लागतो. त्याआधीचं ठरवा. दोन टॉप आणि छोटा मिक्सर मी आणतो, बेस आणत नाही, शेजारी तक्रार करतात. ड्रिंकचा विषय नाही, चहा. मध्यंतर दुसऱ्या सीडीनंतर घेऊ, मूळ प्रयोगातही तिथेच होतं.

चाळीसगाव_एक्सप्रेस

येतो. पण तालमीतलं गाणं लागलं की मी बाहेर टपरीवर असेन. संपलं की हाक मारा.